पिंपळवंडीचं शेवटचं हिम

आमच्या पिंपळवंडीत हिम पडत नाही, ही गोष्ट गावात शेळ्या वळणाऱ्यालाही ठाऊक आहे. ती सरकारी पंचनाम्यानिशी सिद्ध करून घेणारा मात्र मी पहिलाच. हा मान मी मागितला नव्हता. मला फक्त परसातल्या एका वाफ्यात कोथिंबीर टाकायची होती.

त्याचं असं झालं. आमची जानका दिवाळी झाल्याबरोबर मुलीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेली. मुलगी साक्षी आणि जावई मिनेसोटा नावाच्या ठिकाणी राहतात, जिथं म्हणे थुंकलं तर खाली पडेपर्यंत गारगोटी होते. मी गेलो नाही. का, तर विमानाची भीती, गुडघे आणि 'घर कोण सांभाळणार' अशी तीन कारणं मी गावात वाटून दिली आहेत. ज्याला जे पटेल ते त्यानं घ्यावं. मी घर सांभाळायला राहिलो आणि पहिल्याच आठवड्यात ध्यानात आलं, की घराला सांभाळण्यासारखं काही नव्हतंच. ते आपलं उभं होतं. कुलूप लावून गेलो असतो तरी उभंच राहिलं असतं.

रोज दिवेलागणीला तिचा फोन यायचा. इकडं दिवे लागत तेव्हा तिकडं सकाळ होत असे. साक्षी नातीचा इवलासा हात धरून मला जयभीम घालायला लावी, मग फोन जानकाच्या हातात येई, आणि मग आमचं बोलणं असं चाले:

"जेवलात का?"

"अजून नाही."

"काय केलंय?"

"पिठलं."

"कालबी पिठलंच व्हतं."

"कालचंच आहे."

यानंतर दोघंही एकमेकांच्या तोंडाकडं बघत बसायचो. इतक्या वर्षांच्या संसारानंतर नवरा-बायको बोलायचं म्हणून बोलत नाहीत. एकानं भांडं आपटलं की दुसऱ्याला मजकूर कळतो. पण फोनवर भांडं आपटून काय कळणार! शेवटी मी "बरं, ठेवू का?" म्हणायचो, ती "ठेवा" म्हणायची, आणि उरलेली सगळी संध्याकाळ माझ्या अंगावर यायची.

अशाच एका संध्याकाळी ती म्हणाली, "अहो, परसातला वाफा मोकळाच पडलाय. मूठभर धने तरी टाका. मी यीन तवर कोथमीर व्हईल."

"टाकतो."

"पर असं कसंबी नका टाकू. इथं साक्षीची शेजारीण सांगत व्हती, शेवटचं हिम पडून गेल्याबिगर कोथमीर टाकत न्हाईत. तारीख ठरल्याली असती म्हणं. आपल्याकडं शेवटचं हिम कंदी पडतं हो?"

आता इथं एक खुलासा करायला हवा. मी एसटीत वाहतूक नियंत्रक होतो. गाव अजून मला 'कंट्रोलर' म्हणतं. चौकशीच्या खिडकीत बसलेल्या माणसानं 'माहीत नाही' हे दोन शब्द तोंडातून काढायचे नसतात, असं माझं तत्त्व होतं. गाडी निघाली आहे, घाटात आहे, पंक्चर काढून येत आहे, काहीतरी सांगायचं. न आलेल्या गाड्यांबद्दल मी इतक्या आत्मविश्वासानं बोललो आहे, की काही प्रवासी त्या गाड्यांत बसून गेल्यासारखे समाधानानं घरी गेले. असा माणूस बायकोला 'माहीत नाही' म्हणेल का? मी म्हणालो, "चौकशी करून सांगतो."

आणि मग आम्ही बोलतच बसलो. थंडी कुठल्या महिन्यात कडक, लग्न झालं त्या साली दव किती पडायचं, तिच्या माहेरी घेवडा कसा करपला होता. फोन ठेवला तेव्हा चुलीवरच्या पिठल्याचा पापड झाला होता. मी तो आवडीनं खाल्ला.

दुसऱ्या दिवशी चौकशी सुरू केली. शेजारच्या कोंडाबाईचं आणि आमचं परस एका बुटक्या भिंतीनं वेगळं झालं आहे, आणि त्या भिंतीवर हात ठेवून उभं राहणं हा कोंडाबाईचा मुख्य व्यवसाय आहे. मी तिला हिमाचं विचारलं.

"हिम? ते टीव्हीत असतं ते?" ती म्हणाली. "भाऊ, कोथमीर हाय ती. बाई दळणाला जाताना धने सांडती, अन् माघारी येस्तवर वाटंत उगवल्यालं असतं. त्याला तारीख कसली बघता? कोथमिरीचं लगीन हाय का?"

कोंडाबाईला शास्त्रीय दृष्टी नाही, असं मनाशी नोंदवून मी रखमाजीकडं गेलो. रखमाजीची द्राक्षाची बाग आहे आणि आभाळाकडं बघून बोलायची सवय आहे. त्यामुळं तो जे बोलतो ते वरून आल्यासारखं वाटतं.

"हिम नाय पडत आपल्यात," रखमाजी आभाळाला म्हणाला. "दहिवर पडतं. पर तिकडं घाटघरला, नाणेघाटाच्या अंगाला, गवत पांढरंफेक झाल्यालं व्हतं एकदा. माझ्या चुलत्याच्या मेव्हण्यानं सोत्ता बघितलंय."

"कधी?"

रखमाजीनं बराच विचार केला. "थंडीत," तो म्हणाला.

एवढ्यावर शहाण्या माणसानं धने रगडून वाफ्यात टाकले असते. मीही पिशवी काढली होती. पण संध्याकाळी जानकानं फोन लागल्या लागल्या विचारलं, "काय कळलं का हिमाचं?" मी कोंडाबाई सांगितली, रखमाजी सांगितला, रखमाजीच्या चुलत्याचा मेव्हणा तर तिनं दोनदा सांगायला लावला आणि हसता हसता तिला ठसका लागला. मला तिचं हसणं ऐकून किती दिवस झाले होते कोण जाणे. मी धन्याची पिशवी परत फडताळात ठेवली. चौकशी अजून पूर्ण झाली नव्हती.

मी तालुक्याला गेलो. कुठल्या कार्यालयात, ते सांगत नाही. तिथल्या माणसांनाही पोटं आहेत. जाताना एसटी उशिरा आली. बाकीचे प्रवासी गाडीला नावं ठेवत होते आणि मी मान खाली घालून उभा होतो, जणू ती माझ्याच पोटची.

खिडकीत एक गृहस्थ चष्मा पुसत बसले होते.

"विषय?"

"शेवटच्या हिमाची तारीख पाहिजे."

"तारीख कोर्टात मिळते."

"तशी नव्हे. आपल्या भागात हिम पडायचं केव्हा थांबतं, ती तारीख."

"हिमानं नुकसान झालंय का?"

"नाही. अजून पेरलंच नाही."

"पेरलं नाही तर नुकसान कसं होईल?"

"होऊ नये म्हणूनच तर विचारतोय."

त्यांनी चष्मा लावला आणि मला नीट पाहिलं. मी एकेकाळी माझ्या खिडकीतून असाच पाहत असे, हे मला ओळखू आलं. मग ते समजुतीच्या सुरात म्हणाले, "हे बघा काका, आमच्याकडं गारपीट आहे, अवकाळी आहे, अतिवृष्टी आहे, बिबट्या वेगळ्या खात्याकडं आहे. नुसती तारीख आमच्याकडं नाही. तुम्ही एक अर्ज देऊन जा. शुक्रवारी साहेबांचा तुमच्या बाजूला दौरा आहे, जागेवर येऊन पाहून जातील."

"काय पाहतील?"

"ते तेच पाहतील."

मी अर्ज दिला. विषय: हिम. त्यांनी शिक्का मारून पोच दिली. शिक्का बसलेला कागद हातात आला की माणसाची चाल बदलते. मी ती चाल घेऊन गावात उतरलो आणि दूध घालायला निघालेल्या गोरखला स्टँडवरच भेटलो. गोरख गावाचा व्हॉट्सॲप ग्रुप चालवतो.

"तात्या, काय काम काढलं व्हतं तालुक्याला?"

मी पोच दाखवली. मला कुणाला तरी दाखवायचीच होती. घरी दाखवायला भिंती होत्या. गोरखनं फोटो काढला. मी म्हणालो, "शुक्रवारी येणार."

एवढंच म्हणालो. 'साहेब' हा शब्द राहिला. मराठी वाक्यात कर्ता गाळला तरी चालतो, या सोयीचा असा सूड माझ्यावर उगवला. अंधार पडायच्या आत ग्रुपवर निरोप फिरला: 'शुक्रवारी पिंपळवंडीत हिम येणार. सरकारी शिक्क्याचा कागद सोबत. निवृत्त कंट्रोलर सोपानतात्या यांची माहिती. बागायतदारांनी सावध राहावे.' बेल्ह्याच्या बाजारापर्यंत जाईतो त्याचं 'बर्फ' झालं, आणि 'निवृत्त कंट्रोलर'चं 'हवामान खात्याचे निवृत्त कंट्रोलर'.

सकाळी दार उघडलं तर ओट्यावर माणसं. रखमाजी पुढं, मागं आणखी द्राक्षवाले, दोन टोमॅटोवाले. रखमाजीचे घड पाणी भरून तयार होत आले होते. त्याचा चेहरा उतरला होता, आणि आज तो आभाळाकडं न बघता माझ्याकडं बघत होता.

"कंट्रोलर, खरं सांगा. येनार का?"

खरं सांगायची हीच वेळ होती. 'अरे बाबांनो, साहेब येणार आहेत,' एवढं म्हटलं असतं तर सगळे हसून निघून गेले असते. निघून गेले असते, यावरच माझं घोडं अडलं. त्या ओट्यावर दिवाळीनंतर कुणी बूड टेकलं नव्हतं. मी म्हणालो, "आत तर या. चहा घेऊ."

मोठं पातेलं माळ्यावरून काढलं. त्यात एक पाल राहत होती, तिला जागा खाली करून दिली. चहा झाला, कप कमी पडले, कोंडाबाईनं भिंतीवरून तिचे दिले आणि त्यांच्या मागोमाग स्वतःही आली. मी मधे बसलो होतो. कुणीतरी विचारलं, "साधारण किती वाजता पडंल?" माझ्यातला खिडकीवरचा माणूस त्या प्रश्नाला शिट्टी ऐकल्यासारखा उठला.

"पहाटे," मी म्हणालो. "पहिल्या गाडीच्या सुमाराला."

शुक्रवारपर्यंत माझं घर वाहतं होतं. कुणी थंडी मोजायचा काचेचा नळा आणला, कुणी विचारलं कांद्याला काय होईल, कुणी नुसतंच बसायला आलं. रोज संध्याकाळी मी जानकाला इत्थंभूत वृत्तांत द्यायचो. ती मधे मधे म्हणायची, "अहो, पर पडलंच न्हाई तर?" मी म्हणायचो, "तर चांगलंच की." तिला ते पटायचं. मला नीटसं पटत नव्हतं.

शुक्रवारी पहाटे सगळं शिवार पेटलं. बागेत धूर धरला की थंडी खाली बसत नाही, म्हणून बांधाबांधावर ओलं पाचट, काडीकचरा जाळला होता. धूर इतका झाला की रखमाजीच्या बागेत रखमाजी सापडेना. माणसं धोतराच्या सोग्यात, मफलरीत, पदरात तोंड खुपसून माझ्या परसात जमली, कारण हिम पहिल्यांदा इथं उतरणार असा सर्वांचा समज होता. कोंडाबाईची वाळत घातलेली लुगडी भाजलेल्या वांग्यासारखी वास मारू लागली. सगळे मोकळ्या वाफ्याकडं टक लावून बसले होते. मीही बसलो होतो. आणि खरं सांगायचं तर मनातल्या मनात म्हणत होतो, पड बाबा. थोडंसं पड. पानाच्या टोकावर तरी.

उजाडलं. आभाळ भरून आलं होतं, त्यामुळं आदल्या दिवसापेक्षाही उबारा होता. गोरखनं स्वेटर काढला. मग सगळ्यांनीच काढले.

माणसं स्वेटरांच्या घड्या घालू लागली. मग धुरातून कुणाचा तरी आवाज आला, "कंट्रोलर, गाडी लेट हाय का रद्द?"

जे हसू फुटलं ते पार वेशीपर्यंत गेलं असेल. मीही हसल्यासारखं केलं. रखमाजी हसला नाही. रात्रभर जागून त्याचे डोळे लाल झाले होते. "राव, तुमी बी..." एवढंच म्हणाला आणि काठी टेकत गेला. ते मला जास्त लागलं. हळूहळू परस मोकळं झालं. कोंडाबाईनं आपले कप मोजून घेतले आणि लुगडी खांद्यावर टाकून एक शब्द न बोलता भिंतीपलीकडं गेली. कोंडाबाई न बोलता जाते, हे गावात कुणाला सांगितलं तर हिमासारखंच खोटं वाटेल.

दुपारी साहेब आले. तरुण होते, घाईत होते. हातात फोन होता, त्यात जागेचा फोटो काढायचा असतो.

"पीक कुठलं?"

"कोथिंबीर."

"कुठे आहे?"

"पेरली नाही."

"हिम?"

"पडलं नाही."

त्यांनी वाफ्याचा फोटो काढला. मग मला वाफ्याशेजारी उभं करून काढला. मी म्हणालो, "साहेब, माझं काहीच नुकसान नाही. अर्ज मागं घेतो."

"आता आलोय तर लिहावं लागेल," ते म्हणाले. "घरी आणखी कोण?"

"कोणी नाही. मंडळी मुलीकडं गेलीत."

ओट्यावर बसून त्यांनी लिहिलं आणि नियमाप्रमाणं वाचून दाखवलं: "जागेवर हिम आढळून आले नाही. पीक आढळून आले नाही. अर्जदार एकटेच आढळून आले."

मी सही केली. त्यात चुकीचं काही नव्हतं.

त्या संध्याकाळी मी फोन उशीखाली ठेवला. जानकाला कुठल्या तोंडानं सांगणार? उशी घरघरू लागली. थांबली. पुन्हा घरघरली. शेवटी काढलाच.

"अहो, कुठं व्हता? माझ्या जिवाला घोर लागला. पडलं का?"

मी सगळं सांगितलं. धूर, स्वेटर, लेट का रद्द, रखमाजीचे डोळे. साहेबांचं वाक्यही सांगितलं. ती हसेल म्हणून मी थांबलो. ती हसली नाही. तिच्या मागं खिडकी होती, खिडकीत नुसतं पांढरं. घरात कसलाच आवाज नव्हता.

"साक्षी कुठाय?" मी विचारलं.

"कामाव गेली. परवापासनं जाती. जावई बी गेले." मग म्हणाली, "मला आणखी राहावं लागतंय. त्यांनी व्हिसाची मुदत वाढवायला टाकलीय. जूनपतुर."

"बरं," मी म्हणालो. दुसरं काय म्हणणार? मग एकाएकी मला राग आला. राग तिचा नव्हता, पण समोर तीच होती. "एक सांग जानका. त्या हिमाच्या तारखेचं एवढं काय घेऊन बसली होतीस? मूठभर धने, साऱ्या गावात माझी शोभा झाली!"

ती खाली बघत नातीचं दुपटं घडी घालत होती. घातलेलीच घडी मोडून परत घालत होती.

"मला काय करायची तारीख?" ती म्हणाली. "आपल्याकडं हिम पडत न्हाई, हे मला ठावं न्हाई व्हय? जलम गेला तिथं. अहो, हितं दिवसभर माणूस दिसत न्हाई. दार उघडायची सोय न्हाई. तुमी फोनवर पिठलं म्हणता अन् ठेवू का म्हणता. त्या दिवशी हिमाचं इचारलं तर तुमी किती बोललात. म्हून मी रोज इचारीत गेले."

चौकशीच्या खिडकीत कुणीतरी गाडी न विचारता नुसतंच येऊन उभं राहावं, तसं मला झालं.

मी उठलो, फडताळातून धन्याची पिशवी काढली आणि परसातला दिवा लावला.

"काय करताय?"

"धने टाकतोय."

"आत्ता? अंधारलंय की तिकडं!"

"दिवा आहे. तू बघ फक्त."

बादली पालथी घालून तिला फोन टेकवून ठेवला. धने फरशीवर पसरले आणि वरवंटा घेतला.

"वरवंटा नका घेऊ, पीठ व्हईल!" मिनेसोटाहून हुकूम आला. "चपलंनं रगडा. हलक्या हातानं. नुसते दोन फाकी व्हायला पायजेत."

मी चपलेनं रगडले. उकिडवं बसलो तेव्हा गुडघ्यांनी जो आवाज केला, तो अमेरिकेत ऐकू गेला. ती हसली. भिंतीपलीकडून कोंडाबाई ओरडली, "भाऊ, येडं लागलं का? बिबट्या फिरतोय, घरात व्हा!" मी म्हटलं, "जानका आहे लाईनवर." कोंडाबाईनं भिंतीशी येऊन फोनकडं तोंड करून धुराच्या लुगड्यांची तक्रार पहिल्यापासून सांगितली, आणि तेवढ्यानं तिचा राग गेला असावा, कारण जाताना मला म्हणाली, "वळी सरळ मारा. सापावानी नको."

"जानका," मी माती ओढता ओढता म्हणालो, "तू येणार जूनमध्ये. तोवर ही सगळी जून होऊन जाईल."

"मग काढा अन् परत टाका. अन् मला दावीत जा. तिकडं अजून... अगं बाई, उठली वाटतं. ठेवू नका हं. आलेच मी."

तिनं फोन कुठंतरी टेबलावर उताणा ठेवला. नात रडत होती, आणि मग जानकाचा गाण्याचा आवाज दुसऱ्या खोलीतून बारीक येऊ लागला. पडद्यावर त्यांच्या घराचं छत दिसत होतं. पांढरं, स्वच्छ, एकही कोळिष्टक नसलेलं.

मी ठेवला नाही. पुढची ओळ ओढली, धने टाकले, वर माती लोटली.

"ही तिसरी," मी छताला सांगितलं. "आता चौथी घेतो."